आडात अडकलेला पैलवान

माझ्या फोनमध्ये चित्रकथांचं एक अ‍ॅप आहे, कुणा हौशी माणसानं बनवलेलं. त्यात गोष्टीचा नवा भाग आपोआप यायचा. पण गोष्टीतला पैलवान आडात पडला आणि पुढचे भाग यायचेच बंद झाले. महिनाभर तो आडातच.

पाटोद्याच्या स्टँडवर मी फोनला शिव्या देत होते. शेजारी टोपली घेऊन बसलेला सीताफळवाला म्हणाला, "आजी, कावून चिडता? बघू इकडं." फोन घेऊन तो सेटिंगची पानं उलटायला लागला. प्रत्येक पानाला बोट जिभेला लावायचा, काचेवरसुद्धा. मला किळस आली, पण गरज माझी होती.

"ह्या अ‍ॅपनं महिन्याखाली नवे भाग उतरवायची परवानगी मागितलती. तुमी काय केलं?"

"नाही म्हणाले. वळख ना पाळख, कशाची परवानगी?"

"म्हंजे पाव्हण्याला दारातच अडवलं, आन् वर म्हणायचं जेवायला आला न्हाई."

त्यानं कुठलंसं बटण सरकवलं. अडकलेले भाग एकामागून एक उतरायला लागले. तेवढ्यात त्याची लिंबागणेशची गाडी लागली.

"जा, गाडी सुटेल," मी म्हणाले.

"सुटू द्या. पैलवान निघाल्याबिगर मी हालत न्हाई."

गाडी गेली. त्यानं एक सीताफळ फोडून अर्धं मला दिलं आणि आम्ही वाचायला लागलो. पैलवान कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून निवांत अंग चोळत होता. आम्ही इतके हसलो की अख्खा स्टँड आमच्याकडं बघायला लागला.

"ह्यालाच वर यायची घाई न्हाई," डोळे पुसत तो म्हणाला, "मग मला घरी जायची कावून असावी?"