साहेबाच्या काठ्या आणि आमची कुसुम

जुन्या सामानाच्या दुकानाचं एक असतं. वस्तू येते, वस्तू जाते, तिचा किस्सा तेवढा मागे राहतो. त्याला गिऱ्हाईक नसतं. साठत जातात मग. खाडीकाठच्या कोपरी गावात आमचं असं दुकान होतं, पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. स्वराज्य आलं तसे साहेबलोक सामान विकून निघालेले. आरसे, पलंग, आंघोळीचा टबसुद्धा आमच्याकडे येऊन गेला. पण सगळ्यात जास्त किस्से झाले ते एका कातडी पिशवीतल्या गोल्फच्या काठ्यांचे. आज सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

*

पिशवी आमच्या ह्यांनी कल्याणच्या एका साहेबाच्या बटलरकडून आणली. साहेब विलायतेला गेलेला. आत लांब लांब काठ्या, टोकाला लोखंड. सासूबाईंनी एक उपसून बघितली नि आधी दार लावलं.

"अरे, ही हत्यारं आहेत. पोलीस नेतील तुला."

"आई, खेळायच्या आहेत त्या."

"लोखंडानं कोण खेळतं रे?"

त्याच आठवड्यात हवालदार दुकानात शिरला. सरळ पिशवीकडे. ह्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. मी पडद्याआड, तोंडात पदर कोंबून. हवालदाराने एक काठी काढली, उलटीसुलटी केली, मागून सदऱ्यात घातली आणि पाठ खाजवली.

"बरी आहे. पण लय जड," म्हणाला, आणि गेला.

*

घरात दुसरीही एक भीती होती. ती कुणाला दाखवायची नव्हती. माझी नणंद कुसुम लग्नाच्या वयाची झालेली, कामाला चलाख, दिसायला नीटस, पण डावखुरी. त्या काळी ही पोरीतली खोट. लहानपणी सासूबाई तिचा डावा हात फडक्याने कमरेला बांधून ठेवायच्या. जेवण, वाढप उजव्याने शिकली. पण घाबरली की डावाच पुढे यायचा.

पहिल्या स्थळाने सुईत दोरा ओवायला सांगितला. कुसुमने पटकन ओवला, डाव्याने. मुलाची आत्या म्हणाली, "सुई ठेवा, आम्ही निघतो." दुसऱ्यांनी तर कारणही सांगितलं नाही. सासूबाई टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलून आल्या आणि रात्री मला म्हणाल्या, "तिसरं मोडलं ना सूनबाई, तर पोर जन्मभर घरात राहिली समज."

कुसुम भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोपलेली नव्हती.

*

काठ्या पहिल्यांदा नेल्या प्रधानसाहेबांनी. एका मिलमध्ये ते नवे अधिकारी झालेले. खुर्ची साहेबाची मिळाली, तर खेळही साहेबाचा यायला हवा, हे त्यांच्या मनाने घेतलेलं. थोड्याच दिवसांत पिशवी घेऊन परत आले, लंगडत.

"चेंडू जागचा हलत नाही हो. काठीच उलटी लागते. काल माझ्या घोट्यावर बसली."

मग एका कंत्राटदाराने नेल्या. त्यानेही आणून टाकल्या. म्हणाला, "घरात नको, बायको घाबरते."

सासूबाईंनी पिशवीला लिंबू-मिरची बांधली. "साहेबाचा जीव अडकलाय त्यात."

हे म्हणाले, "आई, साहेब जिवंत आहे, विलायतेत."

"मग तिकडून येतो."

तिन्हीसांजेला पिशवीच्या कोपऱ्यात दिवा लावायला मी जायचे नाही. खोटं कशाला सांगू.

*

भूत उतरवलं एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरांनी. आले होते घड्याळ बघायला. नजर पिशवीवर गेली. एक काठी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली, उभे राहिले, आणि पोट धरून हसायला लागले.

"अरे भाऊ, हे तर डावखुऱ्या माणसाचं सामान. लोखंडाचं तोंड बघ, उलटं आहे. उजव्या हाताने दहा जन्म मारलंस तरी चेंडू जायचा नाही."

हे खूश झाले. सासूबाई मात्र आत आल्या नि माझं मनगट घट्ट धरून बसल्या.

"ती पिशवी लपव. रविवारी कल्याणची माणसं येतायत. डाव्या हाताचं नावसुद्धा निघायला नको घरात."

मी पिशवी पलंगाखाली ढकलली, वर गोधड्या रचल्या.

*

रविवारी कल्याणची माणसं आली. मुलगा वसंता, कारखान्यात कारकून. त्याची आई बोलायला कमी, बघायला जास्त. कुसुमचा डावा हात पदरात गुंडाळलेला, वरून मी टाचणी लावलेली. पानाचं तबक तिने उजव्या हाताने फिरवलं. सासूबाईंनी श्वास सोडला.

तेवढ्यात वसंता ह्यांना म्हणाला, "तुमच्याकडे गोल्फच्या काठ्या आहेत म्हणे? आमच्या साहेबांना भारी नाद. म्हणतात, तूही शीक."

मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघतेय. पण दुकानदाराला गिऱ्हाईक दिसलं की बायको दिसत नाही. ह्यांनी गोधड्या उपसल्या.

सगळे मागच्या अंगणात. वसंताने पिशवीतलाच एक चेंडू ठेवला, मारला. माती उडाली. पुन्हा मारला. चप्पल उडाली.

"ह्याला लहानपणापासून नेम नाही," त्याची आई म्हणाली.

पोरगं लाजलं आणि थट्टेने काठी कुसुमपुढे धरली. "तुम्ही बघा मारून."

"तिला नाही जमायचं," सासूबाई घाईने म्हणाल्या.

कुसुमने काठी घेतली. एकदा सासूबाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. टाचणी कधी सुटली कळलं नाही. ती चेंडूच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, पोरं डावखुरा विटीदांडू खेळतात तशी, आणि मारलं. चेंडू कुंपणावरून, शेजारच्या कौलांवरून थेट खाडीच्या चिखलाकडे गेला.

वसंता कौलांकडेच बघत राहिला.

त्याची आई पुढे आली. "डावखुरी आहेस?"

सासूबाई मध्ये पडायला पुढे झाल्या. कुसुमच म्हणाली, "हो."

बाईंनी मान हलवली. पदर सावरला, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालायला लागल्या. वसंता मागोमाग. सासूबाई तुळशीपाशी मटकन खाली बसल्या.

फाटकाची कडी वाजली. बाई थांबल्या, वळल्या.

"रुखवतात ती पिशवीही ठेवा," म्हणाल्या.