आकडा घेतल्याशिवाय क्लिक नाही

घासाघीस न करता उभं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. रेल्वेत स्टेशनमास्तर, त्यात थोरल्या जावयाचा मान, आणि भाजीवाली सांगेल तोच भाव खरा अशी श्रद्धा. सदर बाजारात नळाच्या तोट्या आणि पाइप विकून मी दुकान उभं केलं. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा खोटा असतो, एवढंच माझं शिक्षण. आणि हे गृहस्थ माझ्या देखत, माझ्याच दुकानापुढे, सांगितल्या भावानं भोपळा घेतात आणि वर भाजीवालीला नमस्कार करतात. मी तापलो तर म्हणाले, "बाईनं भाव सांगतला, आपण ऐकला. खोटा काहून धरायचा?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भाजीवाली अजून मला त्यांचं उदाहरण देते.

या श्रद्धेचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनचा मास्तर फोनवर एक आकडा देतो. इकडच्यानं तो परत म्हणून दाखवायचा, मगच लाइन क्लिअर. साडूभाऊ निवृत्त झाले, आकडा झाला नाही. स्कूटरवर मागे बसल्यावर माझ्या मेहुणीनं एक आकडा सांगायचा, यांनी तो परत म्हणायचा, तेव्हा स्कूटर हलणार. एकदा भर सदर बाजारात मेहुणी रुसली आणि आकडा देईना. मागे हॉर्नचा कल्लोळ, सोनार दुकानाबाहेर येऊन उभे. एक पोट्टा ओरडला, "अंकल, चलो ना!" तर हे शांतपणे म्हणतात, "लाइन क्लिअर नहीं मिला, बेटा." शेवटी मेहुणीनं दात-ओठ खात "त्रेपन्न" म्हटलं, तेव्हा रस्ता मोकळा झाला.

मी हे हसत सांगतो आहे, पण एक गोष्ट पोटात आहे. माझं लग्न जुळत असताना यांनी सासऱ्यांना सांगितलं होतं, "पोट्टा चांगला आहे, पण बिना सिग्नलची गाडी आहे." सासऱ्यांचा होकार लांबला तो चांगलाच लांबला. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आणि आपल्याला माफी हवी आहे याचा त्यांना पत्ताच नाही, हे तर त्याहून वाईट.

यंदा कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात बायकोनं बऱ्याच वर्षांनी पेटी वाजवायला नाव दिलं. भूपातली एक गत. अर्धी बोटांत होती, पुढची विसरलेली. ती तिच्या पेटीच्या बाईंनी बसवलेली. बाई आता नाहीत, पण शिकवणीच्या मुलींसाठी त्यांनी एक सीडी करून ठेवली होती. सीडी घातली की ब्राउझरमध्ये पान उघडायचं, बाईंचा फोटो दिसायचा, खाली वाजवण्याचं बटण दिसायचं. ते दाबलं की करडी चौकट: प्लग-इन सापडत नाही. कॉम्प्युटर जुनाट, पण विकणाऱ्याला रडवून मी घेतलेला, त्यामुळे त्याला भंगार म्हणायची घरात कुणाची हिंमत नाही. बायको एवढंच म्हणाली, "रविवारपर्यंत नाही वाजलं, तर मी नाव मागे घेते." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मी घाबरलो आणि साडूभाऊंना फोन केला.

आले. चपला दाराबाहेर काढल्या, कॉम्प्युटरच्या डब्याला नमस्कार केला आणि ती चौकट वरचा हुकूम वाचावा तशी उभ्यानं, मोठ्यानं वाचली. मग बसले आणि माउसवर हात ठेवून म्हणाले, "सेठ, आकडा द्या." मी म्हटलं, सत्तावीस. "सत्तावीस," म्हणाले आणि क्लिक केलं. ब्राउझर बंद केला, आकडा. चालू केला, आकडा. सीडी पुसून परत घातली, आकडा. चहा गार झाला, माझं डोकं गरम. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उगवली: नवा ब्राउझर, अगदी मोफत. मोफत म्हटल्यावर माझा हात थांबत नाही. साडूभाऊ "आकडा" म्हणेपर्यंत मी दाबून मोकळा. नवा ब्राउझर थाटात आला आणि त्यानं सांगितलं, असले प्लग-इन आता इथे चालतच नाहीत. म्हणजे आधी तो सापडत नव्हता, आता सापडूनही उपयोग नव्हता. बायकोनं पेटीवर कापड टाकलं. मी अजून म्हणतो, त्यांनी मला वेळेत अडवायला हवं होतं.

आता त्यांच्या तोंडून बिना सिग्नलची गाडी निघणार म्हणून मी कान टवकारून बसलो. उत्तर तयार होतं, इतक्या वर्षांचं मुरलेलं. पण ते म्हणाले, "मेन लाइन बंद झाली, त बाजूच्या लाइननं काढू गाडी." त्यांचं म्हणणं, ते पान म्हणजे नुसता फलाट, बाईंचा आवाज सीडीत कुठेतरी उभा असणारच. त्यांनी ब्राउझर मिटला, सीडीतले कप्पे एकेक करून उघडले, प्रत्येकाला माझ्याकडून आकडा घेऊन. एकात फोटो, एकात पानं, आणि एका कप्प्यात नुसत्या आवाजाच्या फायली ओळीनं उभ्या. पहिली उघडली. कॉम्प्युटरमधल्या साध्या प्लेअरनं प्लग-इनबद्दल चकार शब्द न काढता ती वाजवली. "मुलींनो, भाता हळू," बाई म्हणाल्या. बायकोनं पेटीवरचं कापड काढलं. साडूभाऊ तिच्याकडे वळून म्हणाले, "आता आकडा तू दे."

कोजागिरीला ती वाजवायला बसली. मधे एकदा अडखळली, भाता हळू केला आणि पुढे गेली. साडूभाऊ पहिल्या रांगेत डोळे मिटून होते.

दिवाळीनंतर ते मुलाकडे पुण्याला गेले. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. बिना सिग्नलच्या गाडीचा हिशेब आज मिटवायचा असं ठरवून गेलो, आणि तोंडातून निघालं, "संक्रांतीला परत या." मी धरूनच चाललो होतो की ते उन्हाळा म्हणतील, मग मी थोडा वर सरकेन, ते थोडे खाली उतरतील, आणि होळीवर सौदा पटेल. डब्याच्या दारात उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत म्हणून दाखवलं, "संक्रांत."

गाडी हलली. माझा पहिला आकडा आयुष्यात प्रथमच कुणीतरी खरा धरला होता. बायको आता सीडीतली पुढची गत बसवते आहे, आणि तिळगुळाचा गूळ मी परवाच आणून ठेवला. बाजारात सांगितला त्या भावानं.