डाव्या हातातलं निरांजन

दत्ताअण्णा गेल्याची बातमी मला आमच्या कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळी साडेसातला, गुलाबाचं फूल असलेलं ‘शुभ सकाळ’ आणि कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक, या दोहोंच्या मध्ये. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ज्यांनी चौदा वर्षांत अण्णांना एकदाही ‘जेवलात का’ म्हणून विचारलं नाही, त्यांनी तीन-तीन जोड्या हात पाठवले होते. एकानं घाईत केकसाठीच्या टाळ्या अण्णांच्या बातमीखाली टाकल्या आणि दुपारपर्यंत काढल्या नाहीत. कारखान्याचं कामकाज मी बघते आणि मी याद्या करणारी बाई आहे. त्याही सकाळी वही उघडून लिहिलं : वडगावला जाणे, हार, शिलाई विभागाला सुट्टी, अण्णांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाकडे आहे ते विचारणे. चौथं काम मला तेव्हा सगळ्यांत किरकोळ वाटलं होतं.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. हे लिहायचं कारण आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जाणार नाही. अण्णांच्या नावावर एक चूक लागलेली आहे. बेळगाव ते निपाणी, कपड्याच्या धंद्यातल्या पुष्कळांना ती ठाऊक आहे आणि ती सांगून लोक अजून हसतात. ती चूक अण्णांनी केलेली नाही. ती त्यांच्या नावावरून उतरवायची आहे.

बाराव्यानंतर शहापुरात एका हॉलमध्ये शोकसभा झाली. शोकसभा म्हणजे जिवंत माणसांनी स्वतःबद्दल बोलायची सोय. एक जण म्हणाले, अण्णांना कॉम्प्युटर शिकायला मीच सांगितलं. दुसरे म्हणाले, मी तर त्यांना चहा पाजायचो. मग निपाणीचे शेठ उठले. त्यांचं तिथे कपड्याचं मोठं दुकान आहे. नाव लिहीत नाही, नाव छापून आलं की त्यांना आनंदच होईल. शेठ माईक पकडून म्हणाले, “अण्णा विणकर माणूस. विणकराला सगळं उलटं दिसतंय! आमच्या बायकांच्या डाव्या हातात निरांजन दिलं त्यांनी, पदर उजव्या खांद्यावर टाकला. पर माणूस लई सरळ.” हॉल हसला. अण्णांच्या पत्नी, सुमनवहिनी, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मीही हसले. तेव्हा मलाही ती चूक अण्णांचीच वाटत होती.

अण्णा वडगावच्या विणकर घरातले. वडिलांचा हातमाग होता आणि त्यावर साडी उलटी विणली जायची, म्हणजे विणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कापडाची मागची बाजू, सुलट बाजू खाली जमिनीकडे. काठावरचा मोर खरा कसा दिसतोय ते बघायला वडील ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली एक छोटा आरसा सरकवायचे. माग विकला, आरसा राहिला. आमच्याकडे कामाला आले तेव्हा अण्णा पन्नाशीला टेकले होते आणि तो आरसा पिशवीत घालून घेऊन आले होते. मी विचारलं, “हे कशाला?” तर म्हणाले, “आक्का, सवय हाय. आरशात बघितल्याबिगर कापडावर विश्वास बसत न्हाय.” टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात तेव्हा नुकतंच ते नवं सॉफ्टवेअर आलं होतं. पडद्यावर एक पुतळा उभा राहतो, त्याला कपडा शिवून घालायचा, कपड्यावर चित्र चढवायचं, लहान-मोठं करायचं, फिरवायचं, सरकवायचं, आणि ते गिऱ्हाइकाला दाखवून मगच छपाईला पाठवायचं.

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी एका शाळेच्या टी-शर्टवर बोधचिन्ह चढवलं. पडद्यावर टी-शर्ट कोरा. आम्ही सगळे भोवती उभे. अण्णा शांतपणे म्हणाले, “चित्र हाय. आतल्या अंगाला हाय.” सॉफ्टवेअरमध्ये कापडाला दोन बाजू असतात; अण्णांच्या हातानं सवयीनं उलटी बाजू निवडली होती. पुतळ्याच्या पोटाला बोधचिन्ह चिकटलेलं आणि बाहेर पांढराशुभ्र शर्ट. शिलाईतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. “अण्णा, पोरांनी शर्ट उलटा घालून शाळंत जायचं व्हय?” “घालू देत की, मळणार न्हाय,” अण्णा म्हणाले. चूक त्यांनी दोन मिनिटांत सुधारली. पण ‘उलटे अण्णा’ हे नाव काही सुधारता आलं नाही.

त्यानंतर त्यांच्या हातून तसं पुन्हा कधी झालं नाही, आणि त्यांच्याइतकं चांगलं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. आमच्याकडे प्रमाणपत्रं घेऊन येणारी मंडळी मी बघते. इंटरनेटवरून एक वाघ उचलायचा, छातीवर आपटायचा, कोपऱ्याला धरून ताणायचा. वाघाची म्हैस होते. म्हैस बगलेच्या शिवणीत अर्धी कापली जाते. विचारलं तर उत्तर तयार : “मॅडम, स्क्रीनवर तर छान दिसतंय.” कापड म्हणजे यांना कागद वाटतो. अण्णा आधी पुतळ्याला फिरवून शिवण कुठे येते ते बघायचे. पुढच्या तुकड्यावरची वेल बाजूची शिवण ओलांडून मागच्या तुकड्यावर गेली पाहिजे, मध्ये पान तुटता कामा नये, म्हणून एकेक पान बाजूला काढून बसवायचे. मग हातात आरसा धरून, पडद्याकडे पाठ करून त्यात बघायचे. “डोळा लबाड असतोय आक्का,” म्हणायचे. “उलटं दाखवलं की खरं बोलतोय.” त्या प्रमाणपत्रवाल्यांना हे बघून हसू यायचं. हसू येणं हीच काय ती त्यांची पात्रता.

आता त्या कुर्त्यांचं. चार वर्षांपूर्वी निपाणीच्या एका महिला मंडळानं हळदीकुंकवासाठी सगळ्यांना एकसारख्या कुर्त्या करायच्या ठरवल्या आणि शेठनी त्या आपल्या दुकानातर्फे द्यायचं कबूल केलं. देणगीवर दुकानाचं नाव नको असेल तर ते शेठ कसले. छातीवर निरांजन घेतलेली बाई, शेजारी दुकानाचं नाव. अण्णांनी ती बाई स्वतः काढली होती. उजव्या हातात निरांजन, डाव्या खांद्यावरून पदर, पदराला वडगावी काठ. मी तपासणीच्या अकरा मुद्द्यांची यादी केलेली आहे आणि प्रत्येक चित्र माझ्या सहीशिवाय छपाईला जात नाही. त्या वेळी मी भाचीच्या लग्नाला धारवाडला होते. फोनवर सांगितलं, पाठवा. परत आले तेव्हा कुर्त्या निपाणीहून गठ्ठ्यानं परत आल्या होत्या. त्यांवरच्या बाईच्या डाव्या हातात निरांजन होतं आणि पदर उजव्या खांद्यावर. मंडळातल्या बायकांनी हात लावायला नकार दिला होता. हळदीकुंकवाला डाव्या हातानं ओवाळणारी बाई छातीवर मिरवायची? शेठनी तिथे सगळ्यांसमोर सांगून टाकलं, विणकर म्हातारा आहे, त्याला उलटं दिसतं.

मी अण्णांच्या टेबलासमोर जाऊन म्हणाले, “पुन्हा उलटं, अण्णा?”

अण्णा म्हणाले, “व्हय आक्का. उलटं गेलंय.”

मी कसं झालं विचारलं नाही. वहीत लिहिलं, ‘चूक : दत्ताअण्णा’, आणि कामाला लागले. मला व्यवस्थित वागायची हौस आहे. त्यातली एक कुर्ती मी अण्णांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली, अगदी त्यांच्या डोक्यावर, आणि तिला चिठ्ठी लावली : ‘असं पुन्हा होऊ नये.’ येणारा-जाणारा ती बघायचा आणि मग खाली बसलेल्या अण्णांकडे बघायचा. शिवाय नियम केला की अण्णांनी प्रत्येक चित्र मला बोलावून, पडद्यावर उजवा हात कुठला आणि डावा कुठला ते बोट ठेवून दाखवायचं. चाळीस वर्षं कापडात काढलेल्या माणसानं. अण्णा दाखवायचे. “हा उजवा आक्का. हा डावा.” चार वर्षं, रोज.

अण्णांच्या जागेवर दुसरं कुणी येणार होतं, म्हणून शोकसभेनंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या फाइलींची यादी करायला बसले. पासवर्ड सुमनवहिनींना माहीत होता. अण्णा प्रत्येक बदलाची वेगळी फाइल ठेवायचे, त्यामुळे कुर्तीच्या आठ फाइली निघाल्या. सातवीचं नाव ‘कुर्ती ७ बरोबर’. तिच्यात बाईच्या उजव्या हातात निरांजन होतं. आठवीचं नाव ‘कुर्ती ८ शेठ समोर बसून’. ती उघडली. चित्र फिरवलेलं, आणि बाजूला अण्णांची टीप होती : ‘बाईची दुकानाच्या नावाकडे पाठ होते, ती नावाकडे तोंड करून पाहिजे, असं शेठ म्हणाले. निरांजन डाव्या हातात जातंय असं दोनदा सांगितलं. कोण बघतंय, फिरव म्हणाले. फिरवलं.’

एवढंच. ही फाइल चार वर्षं माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर होती. उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी अकरा मुद्दे तपासते, पंख्याला तेल कधी घातलं ते लिहून ठेवते, आणि हे मी तपासलं नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. शेठबद्दल मला जे वाटतं ते लपवत नाही. दुकानाच्या पाटीकडे तोंड करावं म्हणून ज्यानं बाईचा हात बदलला आणि मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर त्यावर विनोद केला, त्याच्याबद्दल दुसरं काय वाटणार. पण त्या हॉलमध्ये हसणाऱ्यांत मी होते. त्या तुच्छतेचा वाटा मला स्वतःलाही घ्यावा लागतो.

मी वडगावला गेले आणि वहिनींना विचारलं, अण्णा बोलले का नाहीत. त्या गहू निवडत होत्या. ताट बाजूला सारून म्हणाल्या, “मीबी हेच इचारलं हुतं. तर म्हणाले, आक्काला सांगितलं तर आक्का शेठला भांडंल. आक्काचं तोंड तुला ठाऊक न्हाय. शेठ दुसरीकडं जाईल. खाली बारा बायका शिवायला बसल्यात, त्यांनी कुठं जायाचं? माझं काय, मला पहिल्यापास्नं उलटाच म्हणत्यात.” मग त्यांनी विचारलं, “ती कुर्ती अजून टांगलीया व्हय?”

मी हो म्हणाले. खोटं काय बोलणार होते…

अण्णांचा मला राग येतो. अशा गप्प बसण्याला लोक मोठेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांच्या गप्प बसण्यानं शेठला फुकट विनोद मिळाला आणि मला चार वर्षं मूर्ख ठेवलं. पण बारा बायकांचं काम राहिलं हेही खरं आहे, म्हणून जे त्यांनी तोंड मिटून राखलं ते मी रागाच्या भरात उधळणार नव्हते. शेठना फोन केला. ते म्हणाले, “मेलेल्या माणसाचं कशाला उकरताय बाई? गमतीनं बोललो मी.” मी म्हटलं, “शोकसभेत गंमत तुम्हीच काढलीत. आता ऐका. तुमचं काम आम्ही करू. फक्त इथून पुढे तुम्ही चित्रात जो बदल सांगाल, तो कागदावर लिहून त्याखाली सही करायची.” त्यांनी कुरकुर केली, पण सही करतात. मागच्या आठवड्यात एका फुलपाखराचा रंग बदलायला सही केली. निपाणीच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना मी दोन्ही फाइली छापून नेऊन दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या बराच वेळ बघितल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे ह्यांच्या पाटीपायी व्हय!” निपाणीचं काम त्या एका वाक्यात झालं. आता ते दुकानादुकानांत पोचेल. माझ्या वहीतली ‘चूक : दत्ताअण्णा’ ही ओळ मी खोडून नव्यानं लिहिली.

मग कुर्ती उतरवायला गेले. खिळा उंचावर होता, म्हणून अण्णांची खुर्ची ओढली. तिच्यावर चढायच्या आधी सहज बसले. त्या खुर्चीत मी कधीच बसले नव्हते. माझी जागा नेहमी बाजूला, उभी. समोर पडदा, पडद्याशेजारी तो आरसा. पूर्वी अण्णा तो हातात धरायचे, कुर्ती टांगल्यानंतर कधीतरी त्यांनी तो पुठ्ठ्याच्या टेकूवर उभा केला होता. मला वाटायचं, वयानं हात कापतो म्हणून असेल. मी पुसायला आरसा उचलणार होते, तेवढ्यात त्यात दिसलं. माझ्या खांद्यावरून मागची भिंत, खिळा, कुर्ती. बाईच्या उजव्या हातात निरांजन होतं. पदर डाव्या खांद्यावर होता. काठ जिथे हवा तिथे होता. दुकानाच्या नावाची आणि चिठ्ठीवरची माझी अक्षरं मात्र उलटी होती, वाचता येत नव्हती.

चिठ्ठी मी काढली. कुर्ती तिथेच ठेवली आहे. तपासणीच्या यादीत आता बारावा मुद्दा आहे, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तो वाचून दाखवला : टेबलावरचा आरसा हलवायचा नाही.