हिराबाईंनी न प्यायलेलं पाणी

नजमा गेल्याचं मला मासळी बाजारातून कळलं. बुधवारची सकाळ होती, माझा पहिला चहा व्हायचा होता आणि फोनवर हिराबाईंचं नाव दिसलं. हिराबाई गव्हाणच्या. गेली कित्येक वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकतात, आणि कुणाला आपणहून फोन करायचा त्यांचा स्वभाव नाही. "मंगलबाय," त्या म्हणाल्या, "तुमची मैतरीन गेली. मोहल्ल्यात मानसां जमलीत." फोन चालूच होता, मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं. नवीन पनवेलहून मी रिक्षाने मोहल्ल्यात पोचले तेव्हा नजमाची भाची शबाना दारातच भेटली. पहाटेची, फजरची नमाज झाल्यावर जानमाजची, म्हणजे नमाजाच्या चटईची, घडी घालता घालता आत्या बसल्या जागीच कलली, एवढंच तिने सांगितलं. घडी अर्धी राहिली होती.

याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत तिच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिका, दोन चित्रपट, तिने लोकांच्या तोंडी दिलेली वाक्यं, सगळ्याची उजळणी झाली. कुणी तिला हास्याची राणी केलं, कुणी भरून न येणारी पोकळी लिहिली. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे. 'पोकळी' दिसली की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो. शेवटी एका ओळीत 'समाजकार्याचीही आवड होती' असं असायचं, जशी कुणाला भरतकामाची असते. मला राग आला. तिने ते आवडीने केलं नव्हतं. ती एक चूक होती आणि ती निस्तरण्यात तिची शेवटची अकरा वर्षं गेली.

आम्ही एका बाकावरच्या. ती वर्गातल्या प्रत्येकाची नक्कल करायची, मुख्याध्यापिकांचीसुद्धा, आणि मी हसत नाही म्हणून चिडायची. मला हसू येत नाही असं नाही, पण माझा चेहरा त्या कामाला जरा आळशी आहे. पुढे ती एका कचेरीत टंकलेखक झाली, हौशी मंडळींसाठी एकांकिका लिहायला लागली आणि तिथून कुणीतरी तिला मालिकांच्या जगात ओढून नेलं. तेव्हा तिला माझ्या या चेहऱ्याचा उपयोग सापडला. दर रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून नवा भाग वाचून दाखवायची. मी गप्प राहिले तर वाक्य पास. "तू हसलीस की मी ते वाक्य दोनदा तपासते," असं म्हणायची. का, तर माझ्यासारखीला हसवणाऱ्या वाक्यात काहीतरी जास्तच खरं असणार, म्हणजे कुणाला तरी लागणारं असणार. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. अंतिम प्रत मी लिहून द्यायची. निर्मात्यांनी हजारदा सांगितलं की मुंबईत राहायला या. ही जागची हलली नाही. तिला लागणारा सगळा माल पनवेलच्या बाजारात मिळतो असं तिचं म्हणणं होतं.

दर बुधवारी ती वायरची पिशवी घेऊन मासळी बाजारात जायची. पिशवीत एक वही असायची. मांदेली निवडता निवडता आजूबाजूचं बोलणं ऐकायचं आणि ओल्या हाताने टिपून ठेवायचं. वही आणि बोंबील एकाच पिशवीतून घरी यायचे, त्यामुळे तिच्या संहितेला वास येतो अशी तक्रार एका दिग्दर्शकाने खरोखरच केली होती. हिराबाई तिथेच भेटल्या. उंच, कडक, भावात एक शब्द इकडे तिकडे न करणाऱ्या. नजमा चहा मागवायची आणि हिराबाई तिच्याकडे न बघता म्हणायच्या, "मना नको." चहा नको, सरबत नको, मे महिन्याच्या उन्हात साधं पाणीही नको. मला आधी भलतीच शंका आली, नजमाच्या हातचं नको म्हणून तर नव्हे? पण त्या माझ्याही बाटलीतलं घेईनात, शेजारणीचंही घेईनात. नजमाला त्यात ताठा दिसला, आणि ताठा दिसला की तिला विनोद दिसायचा.

तिने तो मालिकेत घातला. एक मासळीवाली रोज दारावर येते आणि कुणाच्या घरचं पाणी पीत नाही. मग अख्खं घर तिला एक घोट पाणी पाजण्यासाठी नाना युक्त्या करतं, आणि ती प्रत्येक वेळी मान वेळावून "मना नको" म्हणते. खरं सांगते, भाग फार छान जमला होता. त्या रविवारी मी हसले होते. नजमाने माझ्याकडे चमकून बघितलं, वाक्य दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. एका भागासाठी आणलेलं पात्र दर आठवड्याला येऊ लागलं. पनवेलच्या बाजारात येणारीजाणारी माणसं हिराबाईंच्या पुढ्यात पाण्याची बाटली नाचवायला लागली आणि हिराबाई खाली मान घालून कोळंबी सोलत राहिल्या.

त्यानंतरच्या एका बुधवारी मी नजमाबरोबर होते. आम्हाला येताना पाहून हिराबाईंनी टोपलीवर ओलं गोणपाट ओढलं. मासळी आहे, पण तुला नाही. आजूबाजूच्या बायकांचे कोयते थांबले. नजमाने हसून सावरायचा प्रयत्न केला. हिराबाई हसल्या नाहीत.

"तुजी शिरेल बगली मी. आमची पोरां लय हासली," त्या म्हणाल्या. "आता मना सांग. मी पानी का नाय पीत, तां तू मना कवा इचारलास?"

नजमाने वहीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"पाटं निगतो आमी. घरी जायाला दुपार सरते. मदी बाईमानसानी जायाचां कुटं?"

आवाज अजिबात चढवला नव्हता त्यांनी. पुरुषांना मागची भिंत होती. बायकांना काही नव्हतं, कधीच नव्हतं, आणि आम्ही दोघी इतकी वर्षं तिथे पाऊण तास घालवून घरी येत होतो. नजमा रिक्षातून घराशी उतरताना एवढंच म्हणाली, "बाई असून मला सुचलं नाही, मंगल. मला लाज वाटते..."

तिने आधी तिच्या परीने सुधारायला बघितलं. त्या मासळीवालीच्या तोंडून पाणी न पिण्याचं कारण सांगणारा भाग लिहिला. माझ्या मते तिने लिहिलेला तो सगळ्यांत चांगला भाग. निर्मात्याने तो वाचून परत केला. लोक जेवायच्या वेळी बघतात, तेव्हा संडासाचा विषय नको. मग पात्र तरी काढा, ती म्हणाली. तेही नको, लोक त्याच्यासाठीच बघतात. नजमाने मालिका सोडली. पात्र राहिलं, ते दुसऱ्या कुणीतरी पुढे लिहिलं. मी तिच्याशी कडाडून भांडले. एका बाईच्या बोलण्यावरून चालतं काम सोडणारी तू कोण लागून गेलीस, असं काहीबाही बोलले. ती दोन रविवार आली नाही. हे मी आज लिहिते आहे कारण तेव्हा तिची बाजू घ्यायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं आणि मी ती घेतली नाही.

तिसऱ्या रविवारी ती आली ती अर्ज घेऊन. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, माझ्या अक्षरात लिहून दे. अकरा पानी अर्ज झाला. त्यावर वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवूनही काही हललं नाही, तेव्हा तिने तिला येत होतं ते केलं, म्हणजे प्रसंग रचला. एका अधिकाऱ्याला पाहणीसाठी बाजारात बोलावलं, हिराबाईंच्या शेजारी उलट्या क्रेटवर बसवलं आणि पाहुणचार सुरू केला. चहा, पाणी, लिंबू सरबत, पुन्हा चहा. मी शेजारी उभी राहून अर्ज वाचत होते, सावकाश, विरामचिन्हांसकट. सातव्या पानाला साहेब चुळबुळ करू लागले, नवव्याला त्यांनी हळूच सोय कुठे आहे विचारलं. एवढ्या बायकांच्या देखत भिंतीकडे जायची त्यांना सोय उरली नव्हती. नजमा अदबीने म्हणाली, "नाही ना साहेब. या हिराबाई दुपारपर्यंत थांबतात. तुम्ही फक्त दोन पानं थांबा." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माणूस भला होता, शेवटी तोही हसला, आणि पुढे ती फाईल त्यानेच हलवली.

तरी वेळ लागायचा तो लागलाच. तोवर नजमा सुकापूरच्या, नवीन पनवेलच्या सोसायट्यांमध्ये, गणपतीत, ईदच्या कार्यक्रमात, जिथे बोलावतील तिथे विनोदी वाचन करायची आणि माणसं हसून थकली की स्टीलचा एक तांब्या टेबलावर ठेवायची. हे सगळं आत्ता प्या आणि संध्याकाळपर्यंत जागचे हलू नका, असं सांगून खाली बसायची. तालुक्यातल्या इतर बाजारांसाठीही तिने माणसं जमवली. लिहिणं सुटलं नव्हतं. चित्रपट दोन्ही त्यानंतरचे. फक्त वहीत प्रत्येक विनोदाच्या समासात आता एक शब्द असायचा, 'विचारलं?' आणि त्यापुढे खूण. खूण नसेल ते वाक्य ती मला वाचून दाखवायचीच नाही.

अखेर स्वच्छतागृह झालं. निळ्या दारांचं, चार खोल्यांचं, नळाला पाणी असलेलं. फीत कापून मंडळी पांगल्यावर नजमाने तोच तांब्या भरला, पेल्यात पाणी ओतलं आणि हिराबाईंपुढे धरलं. या एका क्षणासाठी तिने एवढी वर्षं घालवली होती हे मला ठाऊक होतं. हिराबाईंनी पेल्याकडे पाहिलं. "आज उगडलां," त्या म्हणाल्या. "पुडच्या बुधवारी उगडां आसलां तं बगू."

आणि खरोखरच पुढच्या बुधवारी दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, कुणाला माहीत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा. शेवटी किल्ली बाजारातल्या बायकांच्याच हातात आली आणि ती हिराबाईंच्या कमरेला गेली. नजमा दर बुधवारी आधी चारही दारं बघायची, नळ सोडून बघायची, कडी लागते का बघायची आणि मग तांब्या घेऊन हिराबाईंसमोर उभी राहायची. हिराबाई म्हणायच्या, "आज नाय. पुडच्या बुधवारी बगू." वर्षं गेली. इतर बायका खुशाल पाणी प्यायच्या, चहा प्यायच्या. नजमाशी हिराबाईंचं वागणं कधीच निवळलं होतं. चांगली चिंबोरी तिच्यासाठी झाकून ठेवायच्या, तिच्या गुडघ्यांवर कसली कसली तेलं सुचवायच्या. पण पाणी नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, अजून राग धरलाय गं त्या बाईने. नजमा म्हणाली, "असू दे. तिचा हक्क आहे." पण तिला ते लागत होतं. तिच्याशेजारी एवढी वर्षं बसलेल्या मला ते न कळण्यासारखं नव्हतं.

चाळीसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर शबानाने मला नजमाच्या खोलीत नेलं. वह्या माझ्यासाठी बांधून ठेवल्या होत्या, सगळ्या अजून मासळी बाजाराच्या वासाच्या. खिडकीत तो तांब्या होता, त्यावर पेला उपडा घातलेला. "हाही घेऊन जा मंगलआत्या," शबाना म्हणाली. मी घेतला आणि नंतरच्या बुधवारी बाजारात गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही... दारं बघितली. तिसऱ्याची कडी लागत नव्हती. तांब्या भरला आणि हिराबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी हात पदराला पुसले, पेला बाजूला ठेवला आणि तांब्याच तोंडाला लावला. पूर्ण रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. माझा मात्र तोल सुटला. इतकी वर्षं ती हे घेऊन उभी राहिली, मी म्हटलं, तिच्या डोळ्यांदेखत एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं?

हिराबाईंनी टोपलीतला बर्फ सारखा केला.

"पेली आसती, तं ती आली नसती," त्या म्हणाल्या. "तिचां काम सरलां आसतां. मंग दारां कोन बगनार?" आणि मग, खालीच बघत, "मना ती यायला पायजे व्हती."

मी तिथेच त्यांच्या शेजारी, क्रेटवर बसून रडले. मासळी बाजारात रडणाऱ्या बाईकडे कुणी फारसं बघत नाही, ते बरं असतं. उठताना तांब्या पिशवीत घालायला लागले तर हिराबाई म्हणाल्या, तिसरी कडी मोडली हाय, तां लिवून दे. देते, मी म्हटलं.

"आन पुडच्या बुधवारी तांब्या भरून आन."

"प्याल?"

"नाय."

आणि मी हसले. चांगली मोठ्याने हसले, शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या एवढी. नजमा असती तर तिने ते वाक्य दोनदा तपासलं असतं.