मीटरवरची टिकली

बायको मंगळवारी सकाळी गेली. स्वयंपाकघरात पडली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

गाडी तीच चालवायची. मलाही येते, पण मी शेजारी बसून वाचत असे. दर महिन्याला तेर गावाहून तिच्या आईला धाराशिवच्या डॉक्टरांकडे आणायचं आणि परत सोडायचं, हे तिचं काम. ते आता माझ्याकडे आलं, आणि गाडी आचके देऊ लागली. पेट्रोलही भसाभस संपू लागलं. शोरूममध्ये खर्च ऐकून वाटलं, विकूनच टाकावी. पण मग सासूबाईंना एसटीत कसं चढवायचं? म्हणून तिच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो.

त्यानं गाडीला यंत्र जोडून पाहिलं. "सर, ऑक्सिजन गेलाय."

"कुणाचा?" मी विचारलं.

तो हसला. "गाडीचा हो. सेन्सर. त्यो गेला की पेट्रोल किती घ्यावं, हे इंजिनाला कळत न्हाय. मीटरवर पिवळा दिवा लागला असंल की."

"नाही लागला."

त्यानं आत वाकून नखानं काहीतरी खरवडलं. काळी टिकली निघाली. तिच्याखाली दिवा जळत होता.

"वहिनींचं काम!" तो म्हणाला. "दिवाळीच्या आधी आलत्या. म्हणलं, बदलावा लागंल, पर लगेच काय अडत न्हाय. तर म्हणल्या, सरांना दिसलं तर पुस्तक सोडून दिव्याकडंच बघत बसतील."

शोरूमच्या कागदावर दोन सेन्सर लिहिले होते; मी फक्त खालचा आकडा पाहिला होता. "मागचा चांगलाय, कशाला बदलता?" म्हणत त्यानं फक्त पुढचा, तोही बाहेरच्या दुकानातून मागवला. सायलेन्सर गरम असतानाच जुना खोलला. थंड झाला की आटे धरून बसतात, म्हणाला. खर्च झेपण्यासारखा होता.

मी बाकावर बसून राहिलो. इतके महिने त्या टिकलीशेजारी बसून मला काहीच दिसलं नव्हतं. जाण्याआधी आठवडाभर ती डाव्या दंडाला बाम चोळत होती. विचारलं तर म्हणाली, बादली उचलताना लचकला. मी मान हलवून पान उलटलं. तेही माझ्यापासून झाकलेलंच होतं का? मेकॅनिकला विचारावं असं वाटलं. त्याला कुठून ठाऊक असणार?

गाडी आता आचके देत नाही. दर महिन्याला मी सासूबाईंना आणतो, सोडतो. वाटेत त्या विचारतात, "जावईबापू, तिला काही होत होतं का हो?"

मी सांगतो, मला माहीत नाही.