काकाला पृथ्वीवर जागा

माझ्या बाबांचे डोळे माझ्या सख्ख्या काकाने घालवले. हे मी पहिल्याच ओळीत लिहिते, कारण गावात कितीतरी वर्षं ते कुणी सरळ बोललं नाही.

आमचं गाव पनवेलजवळ, ओवे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. त्या डोंगरात काकाची खडीची खाण होती. सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजवायचा, लोकांना लांब जाऊ द्यायचं, अशी रीत. त्या दुपारी डंपर खोळंबले होते, म्हणून काकाने भोंगा न वाजवताच बार उडवायला लावला. बाबा उतारावरच्या आमच्या तुकड्यात काकडीचे वेल काठ्यांवर चढवत होते. दगडाच्या कपच्या थेट तोंडावर आल्या. एक डोळा तिथेच गेला, दुसरा हॉस्पिटलात. काकाने पोलिसांना आणि गावाला सांगितलं की भोंगा वाजला होता, भाऊ पिऊन आला होता, त्याला ऐकू गेला नसेल. बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण अर्ध्या गावाचे डंपर काकाच्या खाणीवर चालत होते, त्यामुळे तो भोंगा सगळ्यांनाच ऐकू आला.

आई आधीच वारली होती. मी कामोठ्याला शिकवणी वर्गात गणित शिकवायचे आणि घरी येऊन बाबांना भरवायचे. काका आमच्या दारावरून गाडी घेऊन जाई तेव्हा बाबा आवाजावरून ओळखत आणि म्हणत, ‘चालला बग.’ एवढंच. त्यांना राग येत नाही याचाही मला राग यायचा.

हॉस्पिटलात बाबांची शुश्रूषा करणारी एक नर्स नवीन पनवेलला राहायची. ती ख्रिस्ती. घरी सोडल्यावरही ती आणि तिचा नवरा दर रविवारी बाबांना भेटायला येऊ लागले, आणि हळूहळू शास्त्र वाचून दाखवू लागले. त्यांचा विश्वास असा, की देवाने ही पृथ्वी माणसाला कायमची राहायला दिली आहे. चांगली माणसं मेल्यावर वर कुठे निघून जाणार नाहीत. देव त्यांना उठवील आणि ती इथेच, याच मातीवर राहतील. आजार नसेल, मरण नसेल, आंधळ्यांना दिसेल. बाबांनी विचारलं, ‘आन आमचा डोंगर?’ नर्सबाई म्हणाल्या की जे पृथ्वीची नासाडी करतात त्यांचा देव नाश करील, आणि पृथ्वी पुन्हा बागेसारखी होईल.

डोंगराचं ऐकून बाबा खूश झाले. माझं लक्ष ‘नाश’ या शब्दावर होतं. नर्सबाईंना रस्त्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, नाश म्हणजे नेमकं काय, जाळतात का? त्या म्हणाल्या, आम्ही नरकाची आग मानत नाही, दुष्ट फक्त नाहीसा होतो, त्याला काही कळत नाही. मी हिरमुसले. काका नाहीसा होऊन माझं भागणार नव्हतं. नाहीसा झालेला माणूस सुटतो.

बाबांनी बाप्तिस्मा घेतला. गावाने आम्हाला हळदीला बोलावणं बंद केलं. ‘आंदला झाला आन बाटला,’ असं काका चावडीवर म्हणाला, ते मला ऐकवायला लोक आवर्जून घरी आले.

मग काकाच्या किडन्या गेल्या. पनवेलला डायलिसिस सुरू झालं, खाण बंद पडली. आणि एका रविवारी, वाचन चालू असताना, काका भिंतीला धरत आमच्या दारात आला. बाबांनी पावलं ओळखली आणि बाजूला सरकून त्याला जागा केली. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. मरणाला घाबरला होता, दुसरं काही नाही. एकदा त्याने नर्सबाईंना विचारलं, ‘माज्यासारक्याला पन जागा हाय का तितं?’ त्या म्हणाल्या, मनापासून पश्चात्ताप केलात तर आहे. बाबांनी मान डोलावली. मी चहाचे कप उचलून आत गेले. म्हणजे हा माणूस सदासर्वकाळ आमचा शेजारी होणार होता, आणि गावाला मारलेली थाप अजून तशीच होती.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, काका, मी सोडते तुम्हाला. स्कूटरवर मागे बसवलं आणि खाणीच्या रस्त्याने नेलं. डोंगराचा अर्धा भाग कापलेला, खाली हिरवट पाणी साचलेलं. मी त्याला कडेच्या दगडावर बसवलं.

‘तुम्हाला जागा मिळणार, काका,’ मी म्हटलं. ‘हीच. बाबांना डोळे परत मिळणार. ते रोज सकाळी उठून तुमच्याकडे बघणार. मरणही येणार नाही सुटायला.’

तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘तो काय बोलंल मला?’

‘काही बोलणार नाहीत. ते नुसते बघतील.’

त्याने डोळ्यांवर हात घेतला, आणि मला बरं वाटलं. खूप वर्षांनी इतकं बरं वाटलं. मी त्याला घरी सोडलं, काकीने दिलेलं पाणीही प्यायले नाही.

तो परत आमच्याकडे आला नाही. बाबा दर रविवारी विचारायचे, मी सांगायचे की तब्येत ठीक नाही, आणि ते खरंच होतं. उन्हाळा संपायच्या आत काका गेला.

दहाव्याला तळ्यावर सगळा गाव जमला होता. विधी उरकल्यावर काकाचा मोठा मुलगा उभा राहिला. वडिलांनी मरताना वचन घेतलंय म्हणाला, आणि खाली मान घालून सांगितलं, ‘त्या दिवशी भोंगा वाजला नवता. माजा आंदला काका प्यालेला नवता.’ ज्यांनी भोंगा ऐकला होता ते टॉवेल झटकून उठले आणि घरी गेले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, शेवटचा माणूस जाईपर्यंत.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बरा झाला. आता उटंल तवा त्याला मान खाली घालाया नको.’

मी म्हटलं, ‘मला तो मान खाली घातलेलाच हवा आहे. मी माफ केलेलं नाही.’

‘नको करू,’ बाबा म्हणाले. ‘घाय कशाला, बाय? लय येल हाय आपल्याला.’

रविवारी नर्सबाई येतात, बाबा ऐकतात, मीही आता शेजारी बसते. काका उठावा अशी प्रार्थना मीसुद्धा करते. कशासाठी, ते बाबांनी अजून विचारलेलं नाही.