घडाची पिशवी आणि अक्काचं कॅलिपर

हवेचा कणही आत जाता कामा नये अशा कामासाठी मी केळीच्या घडाला घालायची पिशवी वापरली.

त्या पिशवीला भोकं असतात. मुद्दाम पाडलेली, टाचणीच्या टोकाएवढी, अंगभर. घडाला वारा लागावा, आत घाम धरू नये म्हणून. रावेरकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, सासर तिथलंच. सुट्टीच्या दिवशी तिच्या मळ्यात स्टुलावर उभं राहून मी स्वतः अशा पिशव्या घडांवर चढवल्या आहेत, वरून दोरी आवळली आहे, आणि त्या भोकांतून ऊन कसं चाळून येतं हे तोंड वर करून पाहिलंही आहे. तरी वापरली.

काम अक्काच्या पायाचं होतं. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गुडघ्याखाली लुळा पडला. तेव्हापासून लोखंडी पट्ट्यांचं, चामडी बुटाचं कॅलिपर. ते चढवलं की ती कुणाचं ऐकत नसे. भाऊजींचं गावात खताचं दुकान, मळा सगळा अक्काचा. ठिबकची नळी कुठे तुंबली, कुठल्या ओळीत घड आधी कापायचा, हे ती कॅलिपर खडखडवत फिरून ठरवायची. मजुरांना तिच्या आधी तिचा आवाज कळायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ट्रॉलीतून उतरताना त्या कॅलिपरची पट्टी घोट्यापाशी तुटली.

भाऊजी तिला धुळ्याला नेणार होते. तिथे एका वर्कशॉपमध्ये कॅलिपर बनवतात, आधीचंही तिथलंच. तेवढ्यात मी मध्ये पडलो.

मी जळगावात पाइपांच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. म्हणजे प्लास्टिकशी माझा संबंध ते ट्रकमध्ये चढवण्यापुरता. पण मोबाइलवर मी कार्बन फायबरचं कॅलिपर पाहिलं होतं, पिसासारखं हलकं, आणि एक परदेशी माणूस ते घराच्या गॅरेजात शीळ घालत बनवत होता. आखाजीला अक्का माहेरी, म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्याला माझ्या घरी आली, तेव्हा मी जाहीर केलं, "धुळ्याला जाऊ नको. किती वर्षं लोखंड ओढशील? मी करतो."

"तुले येतं?" तिने विचारलं.

"न यायला काय झालं? तुमच्या केळीच्या पॅकिंगला खोक्यातल्या पिशवीतली हवा ओढून रबर लावतात ना? तेच."

खरोखर तत्त्व तेच आहे, हाच घात झाला. पायाच्या साच्यावर कार्बनचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून थरावर थर बसवायचं, वरून जास्तीचं रेझिन शोषणारं कापड, त्यावर प्लास्टिकची पिशवी, कडांना च्युइंगमसारखी चिकट पट्टी. मग पंपाने आतली हवा ओढायची. बाहेरची हवा सगळीकडून सारखी दाबते आणि थर एकजीव होतात. मी पायरी पायरी लिहून काढलं आणि वाचूनच शिकल्यासारखा वागू लागलो.

त्याच दिवशी अंगणात, झोक्यावर बसवून मी तिच्या पायाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. गुदगुल्या होतात म्हणून ती ओरडत होती. सुकल्यावर ते टरफल कापून काढलं, आत प्लास्टर ओतलं, आणि अक्काचा पांढराशुभ्र पाय माझ्या मागच्या खोलीत उभा राहिला. अक्का जीपने रावेरला परतली. पाय माझ्याकडे राहिला.

पहिला प्रयत्न वैशाखातला. जळगावचं ऊन गॅरेजवाल्या परदेशी माणसाने पाहिलेलं नाही. त्याचं रेझिन निवांत ओलं राहतं. माझं मगमध्ये हार्डनर घालून ढवळतोय तोवर उकळल्यासारखं झालं, धूर सोडायला लागलं आणि मगासकट दगड झालं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तो आंघोळीचा मग होता."

मी अक्काला फोन केला. पुढच्या आठवड्यात नक्की. ती म्हणाली, "घाई नको करू भाऊ. मी काय पळून चालली?"

नवीन सामान यायला वेळ लागला. पाऊस पडून हवा निवल्यावर दुसरा प्रयत्न. भंगारातून आणलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून लावला. कापड सुरेख बसलं. आणि ऐन वेळी, मागवलेली खास पिशवी कार्बनच्या धारेने उभी फाटली. रेझिन तर मिसळून झालेलं. मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात मळ्यातून आणलेल्या, घरी जुने कपडे भरून ठेवलेल्या पिशव्या होत्या. एक रिकामी केली.

पंप घुरघुरत होता, दाबाचा काटा थोडा वर चढून तिथेच अडला होता. पिशवीला कान लावला तर बारीक सूं ऐकू आली. तिथे चिकट पट्टी लावली. शेजारी सूं. तिथेही लावली. मग उदबत्ती पेटवली. जिथे गळती असेल तिथे धूर आत ओढला जातो, हे मी वाचलं होतं. मी जिकडे उदबत्ती नेईन तिकडे धूर आत जात होता. बायको म्हणाली, "ओवाळताय काय नणंदेच्या पायाला?"

नेमका अक्काचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर ती खाटेवर, मागून भाऊजी डोकावलेले.

"मेहुणे, ती आपल्या मळ्यातली पिशवी ना?"

"हो."

"तिले भोकं राह्यतात."

मग अक्का हसली, पदराने डोळे पुसून पुसून हसली. पंप बंद करताना मला वाटलं, चला, निदान हसली. दुसऱ्या दिवशी कॅलिपर काढलं तर टाचेपाशी थर पापडासारखे फुगलेले, घोट्यात रेझिनचं तळं साचलेलं.

भाऊजी म्हणाले, आता धुळ्याला नेतो. मी हट्टाने थांबवलं. सामान आलंय, चूक कळलीय, आता फक्त पिशवी बदलायची. आणि अक्काने त्यांना गप्प केलं. "येवढं करून राह्यला तो. थांबा जरा." ती असं म्हणाली नसती तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

त्यानंतर तिसऱ्या खेपेची तयारी चालली. मी आता कुणावर भरवसा ठेवणार नव्हतो, स्वतःवर तर नाहीच. आधी रिकाम्या पिशव्या लावून बघितल्या, बाटलीवर सराव केला, तांब्यावर केला. कारखान्यातून आलो की मागच्या खोलीत. प्लास्टरचा पाय बारीक पॉलिशपेपरने घासायचो, घोट्याचं हाड हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. धूळ बसू नये म्हणून बायकोने दिलेला टॉवेल त्याला गुंडाळून ठेवायचो. पायऱ्यांवर पडू नये म्हणून कडेवर घेऊन गच्चीवर न्यायचो. त्या पायाची बोटं मला पाठ झाली.

आणि रावेरहून फोन कमी झाले. अक्का मळ्याबद्दल बोलेनाशी झाली. आधी ती खाटेवरून मजुरांना ओरडायची. भाऊजी म्हणाले, आता विचारतही नाही की कटाई झाली का. भिंतीकडे तोंड करून पडते. मी म्हटलं, "होईल, पोळ्याआधी होईल." काय होईल ते मलाही माहीत नव्हतं. तिला फोन करायचं मी टाळू लागलो, कारण ती "कसं चाललंय" असं विचारायची आणि ते माझ्या तब्येतीबद्दल विचारल्यासारखं वाटायचं.

तिसरं जमलं. काटा जिथे जायला हवा तिथे गेला आणि तिथेच राहिला. पिशवी अशी आवळली की बोटांमधल्या फटीही उठून दिसल्या. दुसऱ्या दिवशी सोलून काढलं: काळंभोर, चकचकीत, एक बुडबुडा नाही. प्लास्टरच्या पायावर चढवलं, काढलं, परत चढवलं. असं बसलं की मध्ये कागद सरकला नसता. मी बायकोला हाक मारून दाखवलं. कारखान्यात फोटो दाखवले. मांडीवर ठेवून एसटीने रावेरला गेलो.

अक्का खाटेवर उठून बसली. मी खाली बसून तिचा पाय हातात घेतला आणि हात थांबला. पोटरी हाताला लागेना. होती तेवढीही राहिली नव्हती. पाऊल खाली झुकून आखडलेलं. काटकोनात आणायला गेलो तर ती कळवळली. तरी मी चढवलं. पोटरीपाशी मूठभर जागा रिकामी आणि टाच मात्र वर, आत टेकतच नव्हती. मी जुन्या लुगड्याच्या घड्या आत कोंबल्या. पट्टे आवळले.

"उभी राहून बघ."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. एक पाऊल टाकलं. पाय आत फिरला, कॅलिपर एकीकडे, ती दुसरीकडे. भाऊजींनी धरलं म्हणून बरं. तिला खाटेवर बसवून ते हळू आवाजात म्हणाले, धुळ्यावाल्यांशी बोललोय. इतके दिवस कॅलिपरवाचून राहून पाय असा आखडला असेल तर आधी तो सरळ करावा लागेल, मगच कॅलिपर. किती दिवस लागतील, सरळ होईल की नाही, ते बघूनच सांगतील.

मी अजून जमिनीवरच होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "अक्का, साच्यावर तर एकदम फिट बसत होतं गं. केसभर फरक नव्हता."

तिने पट्टे सोडले, ते काळं चकचकीत कॅलिपर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"मंग जाय घरी, अन् त्या प्लास्टरच्या पायालेच चालव."